हाताविना फोन : एक्स्चेंजपासून स्मार्ट स्पीकरपर्यंत

स्मार्ट स्पीकरला नुसते सांगून फोन लावता येणे ही बहुतेकांच्या दृष्टीने घरातली एक छोटी सोय आहे. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचे हात निकामी झाले आहेत, त्यांच्यासाठी मात्र तिचा अर्थ फार मोठा आहे, कारण दुसऱ्या कोणी फोन लावून कानाशी धरण्याची वाट न पाहता त्यांना आपल्या माणसांशी, आपल्याला हवे तेव्हा आणि खाजगीत बोलता येते.

टेलिफोनच्या सुरुवातीच्या काळात फोन लावण्याचे बरेचसे काम आवाजानेच होत असे. रिसीव्हर उचलायचा, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि जोडणी तिने करून द्यायची. आपल्याकडे ट्रंक कॉल बुक केलेल्या पिढीला ही पद्धत चांगली आठवत असेल. अमेरिकेत अल्मन स्ट्रॉजर यांनी १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले, पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे एक्स्चेंज सुरू झाले आणि पुढे तबकडीचे फोन रूढ झाले. ऑपरेटरची गरज संपत गेली. पण तोंडाने सांगून होणारे काम आता बोटाच्या जोरावर अवलंबून राहू लागले. १९६३ मध्ये आलेल्या बटणांच्या फोनमुळे श्रम हलके झाले, तरी बोट लागतच होते. टेलिफोनच्या इतिहासात या बदलाची नोंद प्रगती म्हणून होते आणि ती योग्यच आहे. परंतु हात न चालणाऱ्या माणसाचे त्यात काय गेले, याचा उल्लेख क्वचितच होतो.

अपंगांच्या गरजेतून यावर सुरुवातीचा एक ठोस उपाय निघाला तो इंग्लंडमध्ये. स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र उभे केले होते. या रुग्णालयाशी संबंध आलेल्या रेग मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास ‘पॉसम’ हे यंत्र तयार केले. तोंडात धरलेल्या नळीतून हवा ओढली किंवा फुंकली की दिवा, घंटा, रेडिओ, टंकलेखन यंत्र आणि टेलिफोन चालवता येत असे. यंत्राचे नाव त्याच्या इंग्रजी वर्णनातील आद्याक्षरांवरून आले. लॅटिनमध्ये याच शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा होतो. पोलिओने किंवा अपघाताने मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाला श्वासाच्या बळावर फोन लावता येणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती, आणि आजच्या स्मार्ट स्पीकरचे खरे पूर्वज शोधायचे तर माझ्या मते ते इथे सापडतात.

आवाज ओळखणाऱ्या यंत्रांचा प्रवाह याला समांतर वाहत होता. बेल प्रयोगशाळेने १९५२ मध्ये बनवलेले ‘ऑड्री’ हे यंत्र, त्याच्या सवयीच्या आवाजात उच्चारलेले शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे. १९९० मध्ये बोललेले शब्द लिहून घेणारे ‘ड्रॅगन डिक्टेट’ हे सॉफ्टवेअर आले, पण त्याच्याशी प्रत्येक शब्दानंतर थांबत बोलावे लागे. सलग बोलणे टिपणारी त्याची पुढची आवृत्ती १९९७ मध्ये आली. २०११ मध्ये आयफोनवर सिरी ही आवाजी सहायक आली, तरी तिला जागे करायला सुरुवातीला बटण दाबून धरावे लागे, आणि नेमका तेवढा एक स्पर्श कित्येकांना अशक्य होता.

हा शेवटचा स्पर्श ॲमेझॉनच्या नोव्हेंबर २०१४ मधील ‘एको’ या स्मार्ट स्पीकरने काढून टाकला. त्यातील सात मायक्रोफोन आवाजाची दिशा ओळखून खोलीतला इतर गोंगाट बाजूला सारतात आणि ठरलेला शब्द ऐकताच यंत्र जागे होते. अमेरिकेत मे २०१७ मध्ये एकोवरून कॉल करण्याची सोय आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगल होमनेही अमेरिका व कॅनडात ती दिली. अपंगांसाठी तिचे महत्त्व २०१९ मध्ये ठळकपणे पुढे आले, जेव्हा गूगलने क्रिस्टोफर अँड डेना रीव्ह फाउंडेशनच्या साथीने पक्षाघातग्रस्त व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी १ लाखांपर्यंत छोटे स्पीकर मोफत देण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झालेले अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांचे नाव या संस्थेला आहे.

या सोयीच्या मर्यादाही गंभीर आहेत. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा त्या स्पीकरवरून ९११ हा अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांकच लावता येत नव्हता. शिवाय वीज किंवा इंटरनेट गेले की यंत्र मुके होते, आणि ज्याला दुसरा फोन उचलता येत नाही त्याच्यासाठी हा धोका खरा असतो.

त्याहून अवघड प्रश्न उच्चारांचा आहे. एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा मज्जासंस्थेचा आजार), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळे लहानपणापासून हालचालींवर येणारी मर्यादा), कंपवात किंवा पक्षाघातामुळे हातांबरोबर वाणीवरही परिणाम झाला असेल, तर निरोगी आवाजांवर शिकवलेले यंत्र त्या व्यक्तीला समजून घेऊ शकत नाही. गूगलने २०१९ मध्ये ‘युफोनिया’ हा प्रकल्प, तर इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पाठबळावर अशा आवाजांचे नमुने गोळा करणारा दुसरा प्रकल्प याचसाठी हाती घेतला. भारतात एको ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये आले. एकोमधली आवाजी सहायक अलेक्सा हिंदी बोलू लागली ती २०१९ मध्ये. इलिनॉयच्या आवाजसंग्रहाची सुरुवात इंग्रजी बोलणाऱ्यांपासून झाली आहे. पक्षाघातानंतर जड जिभेने ‘ताईला फोन लाव’ म्हणणाऱ्या मराठी माणसाचे बोलणे यंत्राला कळायचे असेल, तर तशा आवाजांचे नमुने मराठीतही तितक्याच काळजीने गोळा करावे लागतील.