टोमॅटो रोपांचे थंडीपासून संरक्षण (सोलापूर)

हरितगृहात (बोलीत पॉलीहाऊस) किंवा शेडनेटमध्ये वाढवलेली टोमॅटोची कोवळी रोपे हिवाळ्यातील रात्रीच्या गारठ्यापासून जपण्याची पद्धती. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः उन्हाळी टोमॅटोचा आहे. या हंगामाचे बी डिसेंबर-जानेवारीत पडते आणि वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीही त्याच महिन्यांत येतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जी थंडी मानवते, तीच टोमॅटोच्या रोपाला बाधते.

टोमॅटोच्या (सोलॅनम लायकोपर्सिकम) मूळस्थानाबद्दल मतभेद आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरूच्या बाजूने मत दिले, तर जे. ए. जेंकिन्स यांनी १९४८ मध्ये मेक्सिकोचा पक्ष मांडला. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचा कल दोन टप्प्यांकडे दिसतो : एक्वादोर व उत्तर पेरूकडे आरंभ आणि मेक्सिकोत पूर्णत्व. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणतेही मत धरले तरी लागवडीच्या टोमॅटोत थंडी सोसण्याचा गुण बेताचाच आहे. तो अँडीजच्या उंच भागातील सोलॅनम हॅब्रोकायटिस या रानटी भावंडात अधिक आढळतो.

सोलापुरात डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान १५-१६° से.च्या आसपास असते. थंडीची लाट आली की ते १०° से.पर्यंत किंवा त्याखाली उतरते. दहिवर (गोठलेले दव) पडून रोपे जळण्याची भीती इथे जवळजवळ नाही, आणि त्यामुळेच थंडीकडे दुर्लक्ष होते. टोमॅटोला मात्र गोठण्याच्या पुष्कळ आधीच इजा होते. साधारण १०-१२° से.खाली वाढ खुंटते आणि मुळे पाणी उचलत नाहीत. ट्रेमधले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओले असूनही सकाळचे ऊन पडताच रोपे माना टाकतात. पान उलटून पाहिले तर खालच्या शिरा जांभळ्या दिसतात, कारण थंड मुळांना स्फुरद घेता येत नाही. हे पाहून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) ची फवारणी करण्याची घाई होते. मुळांशी ऊब आली की हा रंग बहुधा आपोआप जातो, म्हणून खताआधी ऊब पाहावी.

सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. रोपाला दोन-तीन खरी (बीजदलांनंतरची) पाने असतानाच पहिल्या घोसाची कळी शेंड्यात आकार घेऊ लागते. त्या दिवसांत सलग थंड रात्री गेल्या तर पुढे त्या घोसाची फळे वेडीवाकडी, टोकाशी खरबरीत व्रण असलेली निघू शकतात. तोवर दोन-अडीच महिने उलटलेले असतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

हरितगृह उबदार का राहते, याविषयी जुना वाद आहे. काच सूर्यप्रकाश आत घेते, पण आतली उष्णता प्रारणाच्या (अदृश्य किरणांच्या) रूपाने बाहेर जाऊ देत नाही, हे रूढ स्पष्टीकरण. भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये दोन खोकी घेतली. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर उष्णताप्रारण आरपार जाऊ देणारी सैंधवाची चकती. दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखेच, ५५° से.च्या आसपास चढले. त्यावरून त्यांनी ऊब मुख्यतः हवा कोंडल्यामुळे टिकते, असा निष्कर्ष काढला. त्यावर लगेच आक्षेपही घेतले गेले. दिवसापुरते वुड यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे. रात्रीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि सोलापूरच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

हिवाळ्यात इथले आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असतो. जमिनीची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. काच ती अडवते, साधे पॉलिथीन फारशी अडवत नाही. म्हणून अशा रात्री साध्या प्लास्टिकखालचे तापमान बाहेरच्यापेक्षा एक-दोन अंशांनी कमीही होऊ शकते, कारण बाहेर थोडी तरी हवा खेळते, आत तीही नसते. पहाटे प्लास्टिकच्या कागदाच्या आतून दवाचा थर धरला की तो उष्णता अडवतो, पण त्याचेच थेंब रोपांवर गळून रोपे कोलमडण्याच्या रोगाला निमित्त होतात. उष्णताप्रारण अडवणारा, थेंब न गाळणारा कागद मिळतो, महाग पडतो. शेडनेट ऊन कमी करते, ऊब धरून ठेवत नाही. थंडीसाठी शेडनेटवर विसंबणे चूक आहे.

त्यामुळे संरक्षणाचे खरे काम दुपारी सुरू होते. बाजूचे पडदे सूर्यास्तानंतर पाडले तर गारठाच आत कोंडला जातो. ते साडेचार-पाचच्या सुमारास, आत ऊब असतानाच पाडावेत आणि सकाळी आठ-नऊला गुंडाळावेत. दिवसा पाऱ्याची मजल ३०° से.पर्यंत जाते. पडदे उघडायला विसरलेल्या पॉलीहाऊसमध्ये दुपारी कोंब करपतात. सोलापुरात थंडीने मेलेल्या रोपांपेक्षा थंडीच्या धास्तीने उकडून मेलेली रोपे अधिक असावीत.

रात्री ट्रेवर तारेच्या किंवा बांबूच्या कमानी रोवून क्रॉप कव्हरचे पांढरे कापड टाकतात. डाळिंबाला उन्हापासून झाकायला वापरलेले कापड किंवा जुन्या साड्याही चालतात. कापड पानांना टेकू नये. ट्रे रात्री उंच मांडवापेक्षा जमिनीलगत बरे, कारण काळी माती दिवसभराची ऊब रात्री परत देते. मात्र ती ओलसर हवी, कोरडी भुसभुशीत माती ऊब साठवत नाही. काळा रंग दिलेला २०० लिटरचा पाण्याचा पिंप रात्रीत १० अंशांनी निवला तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता सोडतो. असे पिंप उन्हाच्या बाजूला ओळीने ठेवतात.

पाणी सकाळी, पडदे उघडल्यावर आणि बोअरमधून नुकतेच उपसलेले द्यावे. ते हाताला कोमट लागते. रात्रभर वरच्या टाकीत राहिलेले पाणी पहाटे हवेइतकेच गार असते. संध्याकाळी झारी धरू नये.

शेकोटी किंवा धूर करण्याचा उपाय बंद हरितगृहात घातक आहे. धुरातील इथिलीन वायूला टोमॅटो फार संवेदनशील असून त्याने पानांचे देठ खाली वळतात. उघड्या रानातही धुराने उष्णता फारशी अडत नाही.

उबदार हवेत साधारण २५-३० दिवसांत तयार होणारी रोपे थंडीत आठवडाभर मागे पडतात. पुनर्लागणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून व रात्रीचे कापड काढून ती कणखर करतात. लाट चालू असेल तर कापड ठेवून पाण्याचाच ताण देतात.