त्रागा म्हणजे ‘त्रास अधिक राग’ नव्हे

‘त्रास आणि राग एकत्र आले की त्रागा होतो’ ही फोड ऐकायला छान वाटते, पण ती मागाहून जुळवलेली आहे. दोन शब्दांची टोकं कापून तिसरा शिवायची सवय आजच्या जाहिरातवाल्यांची. जुने शब्द सहसा असे घडत नाहीत.

गुजरातीत हाच शब्द ‘त्रागुं’ म्हणून आहे, आणि त्याचा जुना अर्थ अंगावर काटा आणणारा आहे. काठियावाड-गुजरातेत चारण आणि भाट (राजांची स्तुती नि वंशावळी गाणाऱ्या जाती) करारांना जामीन राहत, तांड्यांसोबत रक्षक म्हणून जात. शब्द मोडला किंवा कोणी लुटायला आलं, तर चारण समोरच्यावर वार करत नसे. तो कट्यार स्वतःच्याच अंगावर चालवी, प्रसंगी जीवही देई. चारणाचं रक्त सांडल्याचं पाप करार मोडणाऱ्याच्या माथी, ही श्रद्धा इतकी पक्की की धमकीनेच बहुतेकदा काम भागे. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर फोर्ब्स यांच्या 1856 च्या ‘रासमाळा’ या गुजरातच्या इतिहासावरच्या पुस्तकात या त्राग्याची वर्णनं आहेत.

आपल्याकडे मराठीत कट्यार गेली, पण रोख तोच, स्वतःवरचा, राहिला. म्हणून नुसत्या कुरकुरीला किंवा दुसऱ्यावर खेकसण्याला त्रागा म्हणत नाहीत. ‘मरू दे, मीच मेलं पाहिजे!’ म्हणत कपाळ बडवून घेणं, हा खरा त्रागा. (‘धरणं’ही असंच: पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसे.)

‘रागावलास का?’ला ‘हो, तुझ्यावर’ असं उत्तर असतं. ‘तुझ्यावर त्रागा केला’ मात्र कानाला खटकतं.