पार्श्वभूमी: आर्नहेम लँडमध्ये पावसाळा सरताच गवत का पेटवतात?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला पश्चिम आर्नहेम लँडचं खडकाळ पठार आहे. इथले आदिवासी रेंजर दरवर्षी मे-जूनमध्ये स्वतःहून आग लावतात, आणि त्याचे त्यांना पैसेही मिळतात. हे समजायला आधी पठार ओस कसं पडलं ते पाहावं लागतं.

इथल्या बिनिन्ज लोकांचे ऋतू सहा. एप्रिलच्या बांगेरेंगमधली वादळं माणसाहून उंच वाढलेलं भालागवत आडवं करतात. येगे आणि वुर्गेंग, म्हणजे साधारण मे ते जुलै, हा जाळण्याचा काळ. गवत अर्धं वाळलेलं, ज्वाला बुटकी, आणि रात्री दव पडलं की आग आपोआप विझते. जळका तुकडा, हिरवा तुकडा अशी गोधडी तयार होते. ऑगस्टनंतरच्या गुरुंगमध्ये तीच काडी पडली तर आग वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे चालते, झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचते. पातळ सालीचा सायप्रस पाइन अशा आगीत मरतो आणि खोडापासून पुन्हा फुटत नाही.

विसाव्या शतकात माणसं ख्रिस्ती मिशन आणि सरकारी वस्त्यांकडे ओढली गेली: 1925 पासून ओएनपेली, 1957 नंतर मनिंग्रिडा. वेळेवर काडी लावणारंच कुणी उरलं नाही. गवत साठत गेलं. 2006 च्या कार्बन प्रकल्पाआधीच्या (त्याबद्दल पुढे) दशकात वर्षाला सरासरी 40 टक्के भाग जळत होता, त्यातला बहुतेक उशिराच्या आगीत.

हक्काची लढाई वेगळ्या वाटेने चालली होती. 1963 मध्ये ईशान्य आर्नहेम लँडमधल्या यिर्काला इथल्या योल्ङू लोकांनी झाडाच्या सालीवर रंगवलेले अर्ज संसदेला पाठवले. 1971 मध्ये कोर्टात ते हरले. त्यानंतर जमीनहक्कांची चौकशी करणाऱ्या वुडवर्ड आयोगातून 1976 चा नॉर्दर्न टेरिटरी (आर्नहेम लँड ज्यात येतं तो प्रदेश) जमीनहक्क कायदा आला. 'पारंपरिक मालक' ही संज्ञा त्याने कायद्यात पक्की केली: एका वंशाचा स्थानिक गट, ज्याच्यावर तिथल्या पवित्र स्थळाची प्रमुख जबाबदारी आहे आणि ज्याला त्या जमिनीवर शिकार-कंदमुळांचा हक्क आहे. अशी जमीन विकता येत नाही. पण कागद हाती आला म्हणून गवत जळत नाही. त्यासाठी माणूस तिथे राहायला हवा.

तो राहायला आला हे बार्डायाल लॉफ्टी नाड्जामेरेक या ज्येष्ठ चित्रकारामुळे. त्यांनी काबुलवार्नाम्यो इथे वस्ती उभी केली, आणि शास्त्रज्ञांशी चर्चा सुरू झाली. 2006 मध्ये डार्विन शहरातल्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्रकल्पाशी करार झाला: 17 वर्षं, वर्षाला सुमारे 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, बदल्यात उशिराच्या मोठ्या आगी टाळून वर्षाला साधारण 1 लाख टन कार्बन डायऑक्साइडएवढी उत्सर्जनकपात. पाच रेंजर गट आणि 28,000 चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात होतं. या हिशोबात कार्बन डायऑक्साइड स्वतः मोजतच नाहीत, कारण पुढच्या पावसात गवत तो परत ओढून घेतं. मोजतात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. 2009 मध्ये सुमारे 14 लाख हेक्टरचं वार्ड्डेकेन संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. त्याच वर्षी नाड्जामेरेक वारले.

काम असं चालतं. हंगामाआधी नकाशा मांडून बैठक होते. वडिलांकडून जमिनीचा मालक असलेला आणि आईकडून तिचा राखणदार, म्हणजे जुंगकाय, या दोघांची संमती लागते. इथे घाई केली की पुढे भांडण ठरलेलं. मग हेलिकॉप्टरमधून पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या टाकतात. सोडण्याआधी यंत्र प्रत्येक गोळीत ग्लायकॉल टोचतं आणि काही सेकंदांत ती पेट घेते. ओढे, वाटा, कडे धरून जळक्या पट्ट्या जोडत जातात. जमिनीवरची टोळी ड्रिप टॉर्चने, म्हणजे पेटतं इंधन थेंबाथेंबाने सांडणाऱ्या मशालीने, उरलेल्या फटी जाळते. चुका बहुधा इथेच होतात. फार लवकर गेलं तर हिरवं गवत पेटत नाही आणि पट्टीत भोक राहतं. ऑक्टोबरची आग नेमकी त्यातून निसटते. मग पानं उडवणारे ब्लोअर पाठीवर घेऊन आगीच्या कडेने पालापाचोळा झाडत रात्रभर चालावं लागतं. 'सगळं लवकर जाळलं की झालं' हेही खरं नाही. अनबिनिक वृक्षांच्या राईभोवती आधी हाताने जाळरेषा काढावी लागते, आणि काही भाग मुद्दाम अनेक वर्षं न जाळता ठेवावा लागतो.

चराईसाठी आफ्रिकेतून आणलेलं गांबा गवत ही नॉर्दर्न टेरिटरीतली नवी डोकेदुखी. ते चार मीटरपर्यंत वाढतं, उशिरापर्यंत हिरवं राहतं आणि मग स्थानिक गवताच्या कितीतरी पट उष्ण जळतं. जुनं वेळापत्रक त्याला लागू पडत नाही, म्हणून दिसेल तिथे उपटणं किंवा फवारणं एवढंच हाती.

माणसं पठारावर टिकवणं मात्र आगीपेक्षा अवघड. मुलांना शाळा नसल्यामुळे रेंजरांची कुटुंबं पुन्हा मोठ्या वस्तीकडे निघत. 2015 मध्ये काबुलवार्नाम्योमध्येच शाळा सुरू झाली.