घरगुती स्वच्छता द्रावणे

घरात असलेल्या किंवा सुट्या मिळणाऱ्या मोजक्या पदार्थांपासून भांडी, काच, फरशी, न्हाणीघर साफ करण्यासाठी घरीच तयार केलेली मिश्रणे. व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, साबण आणि अल्कोहोल हे त्यांतले नेहमीचे घटक. अशा मिश्रणांच्या कृती शेकड्यांनी सापडतात. पण मळ कोणता आणि तो कशावर बसला आहे, हे ओळखता आले की त्यातली एकही पाठ करावी लागत नाही.

रोजचा बहुतेक हट्टी मळ दोन जातींचा असतो. तेलकट, मेणचट मळ अल्कधर्मी पदार्थांना दाद देतो, तर जड (क्षारयुक्त) पाण्याने धरलेला पांढरा थर आणि गंज आम्लांना. शेगडीमागच्या भिंतीवरच्या चिकट्यावर व्हिनेगर कितीही शिंपडले तरी तो फारसा हलत नाही. तिथे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, गरम पाण्यात विरघळवून लावावा. त्याच्या द्रावणाचा सामू (pH: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ११ च्या आसपास असतो आणि चिकट्यातल्या मेदाम्लांशी संयोग होऊन जागेवरच थोडा साबण तयार होतो. लाकडाच्या राखेने भांडी निघत ती याच तत्त्वावर, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. फ्रेंच रसायनज्ञ नीकॉला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून धुण्याचा सोडा बनवण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले आणि सोड्यासाठी वनस्पतींच्या राखेवर अवलंबून राहण्याची गरज पुढे संपली. धुण्याचा सोडा हाताची त्वचा कोरडी करतो आणि ॲल्युमिनियम काळवंडवतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून दूर ठेवावीत.

खाण्याच्या सोड्याचा दबदबा त्याच्या ताकदीपेक्षा मोठा आहे. त्याचा सामू जेमतेम ८ च्या वर. त्याचे खरे काम घासण्याचे: त्याच्या कणांची कठिनता मोह्स श्रेणीवर सुमारे २.५, तर काचेची ५.५, त्यामुळे ओलसर भुकटीने घासले तरी काचेवर ओरखडे उठत नाहीत. चकचकीत प्लॅस्टिकवर मात्र उठू शकतात.

आम्लांचे काम पाहायचे तर शॉवरची बुजलेली जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवावी. थोड्याच वेळात तिच्या कडांना बारीक बुडबुडे धरू लागतात. थरातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन सुटणारा तो कार्बन डायऑक्साइड. तासाभराने थर भुसभुशीत होतो आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने निघून येतो. वास नको असेल तर लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक आम्ल घालावे. संगमरवर मात्र मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहे. आम्लाला थर कुठला आणि दगड कुठला हे कळत नाही, आणि फरशीची गेलेली झिलई पुसून परत येत नाही.

हेर्बेर्ट झिनर या जर्मन रसायनज्ञाने १९५९ मध्ये सफाईचे चार घटक मांडले: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. एक कमी पडला की बाकीच्यांनी भर घालायची. घरगुती द्रावणे मुळात सौम्य, म्हणून त्यांना वेळ जास्त द्यावा लागतो. फवारल्याबरोबर पुसून टाकणारे लोक मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून येणारा फेस जोरकस दिसतो खरा, पण तो दोघांची ताकद एकमेकांत जिरत असल्याची खूण आहे. ५% व्हिनेगरचे १०० मिलिलिटर सुमारे ७ ग्रॅम सोड्याने पूर्ण उदासीन होते आणि उरते सोडियम ॲसिटेटचे पाणी. मिश्रण झाकणबंद बाटलीत भरले तर बाटली फुटू शकते. साबणाच्या पाण्यात व्हिनेगर घातले तर साबण फाटतो आणि पुन्हा मेणचट चोथाच हाती येतो.

स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे ही वेगळी कामे आहेत. निर्जंतुकीकरणासाठी व्हिनेगरवर विसंबू नये. अल्कोहोल साधारण ७०% असावे. त्यात थोडे पाणी असल्याखेरीज जंतूंमधली प्रथिने नीट मोडत नाहीत. ५% ब्लीचचा (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा) १ भाग ४९ भाग पाण्यात मिसळला की ०.१% द्रावण मिळते. आधी मळ धुवावा, मग हे लावून जागा सुमारे दहा मिनिटे ओली राहू द्यावी. हे द्रावण रोजच्या रोज ताजे करावे.

ब्लीच आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनियात मिसळले तर क्लोरामाइन आणि अल्कोहोलशी क्रिया होऊन क्लोरोफॉर्म बनू शकतो. म्हणून ब्लीच पाण्याशिवाय कशातही मिसळू नये. बेसिनमध्ये आदल्या दिवशीचे व्हिनेगर साचले असेल तर आधी भरपूर पाणी ओतावे. चुकून मिश्रण झालेच तर पुसत बसू नये, खोलीबाहेर पडून मोकळ्या हवेत जावे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत नको. त्यांतून दाहक पेरॲसिटिक आम्ल तयार होते.

साबणाच्या सौम्य द्रावणात परिरक्षक नसेल तर काही दिवसांत जंतू वाढतात, म्हणून ते थोडेच करावे. पेरॉक्साइड उजेडात विघटित होते. ते त्याच्या मूळ गडद बाटलीतच राहू द्यावे. इतर बाटल्यांवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी, आणि सरबताची किंवा पाण्याची रिकामी बाटली यासाठी मुळीच वापरू नये.