स्वभाव, वागणूक आणि २०१२चा निर्णय

स्वभावावरून माणूस चारचौघांत कसा वागेल हे सांगता येतं का, या वादाला खरी धार आली ती १९६८ साली. त्याआधी १९२०च्या दशकात शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या झाल्या होत्या. वर्गात कॉपी करणारं मूल खेळात लबाडी करेलच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. १९६८च्या पुस्तकाने, म्हणजे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या पुस्तकाने, आकडाच पुढे केला: प्रश्नावलीतला स्वभाव आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.३०च्या वर क्वचितच जातो. स्वभावाचे अभ्यासक बरीच वर्षं बॅकफूटवर गेले. १९८३मध्ये तीच पट्टी, वागणूक स्वभावापेक्षा परिस्थितीवर ठरते असं दाखवणाऱ्या गाजलेल्या प्रयोगांना लावली गेली, तर तिथेही आकडे ०.४०च्या आसपासच!

स्वभाव पाच मोठ्या गुणांत (बहिर्मुखता, काटेकोरपणा, सौजन्य, भावनिक अस्थिरता, नव्याची ओढ) मोजणारी पंचगुणांची मांडणी पुढे रूढ झाली. गुंता झाला तो मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तिकेत, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या डीएसएममध्ये. तिच्या १९९४च्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकारांचे दहा कप्पे होते. त्यातल्या सीमावर्ती (बॉर्डरलाइन) विकारासाठी, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर असण्याच्या विकारासाठी, नऊपैकी पाच लक्षणं पुरेशी, म्हणजे एकच निदान झालेल्या दोघांत जेमतेम एक लक्षण सारखं असू शकतं.

पुढच्या आवृत्तीसाठी कार्यगटाने दोन प्रश्न सुटे केले: माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी कितपत निभतं, आणि त्याचे स्वभावगुण कोणते. हे सुटं करणं गरजेचंच होतं. प्रत्येक हिशेब तीनदा तपासणारा एखादा ऑफिसचा आधार असतो. दुसरा तितकाच काटेकोर, पण फाइल हातची सोडत नाही आणि सहकाऱ्यांशी रोज वाजतं. गुण तोच, बिघाड एकाच्याच वाट्याला.

डिसेंबर २०१२मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी मात्र जुने दहा कप्पे कायम ठेवले आणि नवी रचना पुढील अभ्यासासाठी मागच्या विभागात टाकली. क्लिष्ट आहे, पुरावा अपुरा आहे, असे आक्षेप होते. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. बिघाड आणि टोकाचा गुण मोजताना बऱ्याचदा एकमेकांत मिसळतात. पण दहा कप्प्यांकडे तरी कुठला भक्कम पुरावा होता?

कप्पे मोडण्याचं धाडस केलं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने (आयसीडी). २०१९मध्ये मंजूर आणि जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आवृत्तीत आधी बिघाड सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरतं, मग हवे तर पाच गुण नोंदवायचे. फक्त सीमावर्ती प्रकार पुरवणी म्हणून राहिला. ते नाव गेलं तर त्यावर बेतलेले उपचार रुग्णांना मिळणार नाहीत, अशी भीती होती.