विकरे, प्रथिन संश्लेषण आणि चयापचय

सजीव पेशीत चालणाऱ्या सगळ्या रासायनिक अभिक्रियांना मिळून चयापचय म्हणतात. त्यांतली जवळपास प्रत्येक अभिक्रिया कुठल्या ना कुठल्या विकरामुळे घडते आणि जवळपास प्रत्येक विकर हे प्रथिन असते. ही प्रथिने पेशीतच, जनुकातल्या संकेताबरहुकूम जुळवली जातात. त्यामुळे पेशी कोणता उद्योग करणार हे ती कोणती प्रथिने, किती आणि केव्हा बनवते यावर ठरते. ‘अमुक गोष्टीचे जनुक’ असे सर्रास म्हटले जाते, पण जनुक स्वतः काहीच करत नाही. ते नुसती कृती सांगते. राबते ते प्रथिन.

शालेय पुस्तकांत ‘विकर’ हा शब्द रुळला आहे. परळच्या रुग्णालयांत आणि नाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मात्र ‘एंझाइम’च चालते. ‘पाचकरस’ हा त्याचा पर्याय नव्हे. पाचकरस म्हणजे विकरे असलेला द्राव, आणि पचन हा चयापचयाचा केवळ उंबरठा आहे. पोटात अन्नाचे तुकडे होतात. त्यांचे पुढे काय करायचे हा कारभार पेशीच्या आत चालतो.

विकरांचा शोध धान्यातून लागला. १८३३ मध्ये आन्सेल्म पायेन आणि झां-फ्रान्स्वा पेर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्चची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला. ‘एंझाइम’ हे नाव विल्हेल्म क्यूने यांनी १८७७ मध्ये दिले. तरीही आंबण्यासारखी क्रिया जिवंत पेशीशिवाय होणारच नाही, असे बरेच जण मानत. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूत घोटून, पिळून रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल झाले. (त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस स्वतःला टोचून घेत होते. मेलेल्या पेशीतले पदार्थही कामाला येतात, हे दोन टोकांना एकाच वर्षी दिसले.) विकर हे प्रथिन असते हे जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिया मोडणाऱ्या युरिएझ या विकराचे स्फटिक मिळवून दाखवले. ते मान्य व्हायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. नोबेल मिळाले ते १९४६ मध्ये.

विकर अशक्य अभिक्रिया शक्य करत नाही. जी मुळात घडू शकते पण फार सावकाश घडेल, तिला ते वेग देते. स्वतः खर्ची पडत नाही आणि अभिक्रियेचा अंतिम तोलही बदलत नाही. प्रथिनाची साखळी दुमडून तिच्यात एक खोबण तयार होते. तीत नेमका हवा तो रेणू बसतो, ताणला जातो आणि बंध तुटण्या-जुळण्यासाठी लागणारा ऊर्जेचा चढ कमी होतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती लक्षात राहते, पण अपुरी आहे: रेणू आत आला की खोबणही आपला आकार बदलते, हे डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये मांडले. वेगाचा अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणे. डीएनए-आरएनएचे घटक बनवताना लागणारी एक पायरी विकराशिवाय निम्मी पुरी व्हायला सुमारे ७.८ कोटी वर्षे लागतील. विकर असले की काम काही मिलिसेकंदांचे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या कार्बॉनिक अनहायड्रेझचा एक रेणू सेकंदाला १० लाखांच्या आसपास रेणू हातावेगळे करतो.

वेग एवढाच प्रश्न असता तर गोष्ट सोपी होती. पेशीला ऊर्जा खर्चून करायची कामेही उरकायची असतात, आणि ती उरकतात ऊर्जा देणाऱ्या अभिक्रियेच्या खांद्यावर बसून. मध्ये चलन असते एटीपीचे. हा रेणू १९२९ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत कार्ल लोमान यांना सापडला. ग्लुकोजचे पायरुव्हेट होताना १० पायऱ्या आणि १० विकरे लागतात. पुढे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) क्रेब्ज चक्र आणि श्वसनसाखळी मिळून एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी पदरात पडतात. शरीरात एका वेळी एटीपी थोडेच असते, पण ते इतक्यांदा मोडून पुन्हा जोडले जाते, की दिवसभरात वापरलेल्या एटीपीची बेरीज माणसाच्या वजनाच्या घरात जाते.

प्रथिन संश्लेषण हा या ऊर्जेचा फार मोठा ग्राहक आहे. केंद्रकात डीएनएच्या एका भागाची आरएनए प्रत निघते, हे प्रतिलेखन. ती प्रत रायबोसोम या प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रावर वाचली जाते, हे भाषांतरण. वाचन तीन-तीन अक्षरांनी होते. चार अक्षरांचे ६४ त्रिक होतात. त्यांतले ६१ वीस ॲमिनो आम्लांसाठी, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांसाठी, उरलेले तीन थांबण्यासाठी. हा संकेत उलगडण्याची सुरुवात १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केली. हरगोविंद खुराना यांनी हव्या त्या क्रमाचे आरएनए बनवून तो पुरा करण्यात मोठा हात लावला आणि १९६८ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. जीवाणूचा रायबोसोम सेकंदाला वीसेक ॲमिनो आम्ले जोडतो, माणसाचा त्याहून सावकाश. प्रत्येक जोडणीला चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध मोजावे लागतात. साधारण १०,००० जोडण्यांत एखादी चूक होते.

पाठ्यपुस्तके सगळे श्रेय रायबोसोमला देतात, ते थोडे अन्यायाचे आहे. ॲमिनो आम्ले रायबोसोमपर्यंत आणतो तो वाहक आरएनए. कोणत्या वाहक आरएनएवर कोणते ॲमिनो आम्ल चढवायचे हे दुसरीच विकरे ठरवतात. प्रत्येक ॲमिनो आम्लामागे साधारण एक. अर्थ लावण्याचे काम तिथेच होते, आणि चुकीचे आम्ल चढले तर त्यांतली काही विकरे ते उतरवूनही टाकतात. रायबोसोम फक्त त्रिकाशी जोडी जुळली का ते पाहतो आणि साखळी पुढे वाढवतो. म्हणजे प्रथिने बनवायला विकरे लागतात आणि विकरे म्हणजे प्रथिनेच. यातून कोंबडी आधी की अंडे हा पेच उभा राहतो. त्याची निम्मी उकल रायबोसोमच्या रचनेत सापडली. वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना ज्या कामासाठी २००९ चे नोबेल मिळाले, त्यातून दिसले की साखळी जिथे जोडली जाते त्या जागी प्रथिन नाहीच, आरएनए आहे. अर्थात तिथला उत्प्रेरक आरएनए आहे.

हे सगळे डोळ्यांना दिसते ते मोड येताना. कोरडी मटकी डब्यात महिनोन्महिने पडून राहते, कारण तिच्यात पाणी इतके कमी असते की विकरे जवळजवळ ठप्प असतात. मात्र सुकण्याआधी बीने काही आरएनए प्रती बांधून ठेवलेल्या असतात. रात्री भिजत घातली की या प्रती रायबोसोमवर चढतात, नव्या प्रती निघू लागतात आणि काही तासांत स्टार्च, प्रथिने व फायटेट मोडणारी विकरे तयार होतात. प्रथिन संश्लेषण रोखणारे रसायन पाण्यात घातले तर बी फुगते, पण रुजत नाही. तेव्हा फुगणे हे भौतिकशास्त्र आणि मोड येणे हे प्रथिन संश्लेषण, असा भेद करता येतो. फडक्यात बांधलेली मटकी मुंबईच्या मे महिन्यात एका रात्रीत बोटभर मोड काढते आणि पुण्याच्या जानेवारीत रेंगाळते, यालाही तापमान आणि विकरांचा वेगच कारण. याची दुसरी बाजू मासळीत दिसते. बोंबील मेल्यावरही त्याच्यातली विकरे चालूच राहतात आणि मांस झपाट्याने विरघळते. वर्सोव्याला बोंबील बांबूवर वाळत घालतात तेव्हा पाणी काढून घेऊन विकरांचे आणि जीवाणूंचे, दोघांचेही काम बंद पाडलेले असते.

कडधान्यांत आणखी एक खुबी असते: आपली पाचक विकरे, विशेषतः ट्रिप्सिन, अडवणारी प्रथिने. यावर मुंबईत महत्त्वाचे काम झाले ते कमला सोहोनी यांच्याकडून. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही श्वसनसाखळीतले सायटोक्रोम सी असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. लग्नानंतर १९४७ मध्ये त्या मुंबईत आल्या, फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. कडधान्ये, नीरा आणि भारतीय अन्नातले ट्रिप्सिनरोधक हे त्यांच्या गटाचे विषय होते. कच्ची कडधान्ये पोटाला का जड जातात आणि कुकरच्या शिट्ट्यांनी ती का सुधारतात, याचे उत्तर यातच आहे: उष्णतेने रोधक प्रथिनाची घडी उसवते. विलायतेत मोठ्या प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईंनी घरगुती पदार्थांकडे वळणे ही माघार नव्हती. प्रश्न तेच होते, फक्त ताटातले होते.

नियमनाचे दोन वेग असतात. तयार विकर चालू-बंद करणे हे क्षणाचे काम: साखळीतला शेवटचा पदार्थ साचला की तोच पहिल्या विकराला चिकटून त्याला थोपवतो. नवे विकर बनवायचे की नाही हे ठरायला मिनिटे ते तास लागतात. दुधातली साखर समोर आली तरच ती फोडणारे विकर बनवायचे, ही ई. कोलाय जीवाणूची काटकसर फ्रान्स्वा झाकोब आणि झाक मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडली. माणसाच्या बाबतीत बऱ्याच प्रौढांत हीच साखर फोडणारे लॅक्टेझ कमी होत जाते. दूध सोसत नाही पण दही चालते म्हणणारे लोक काही नखरे करत नसतात. दह्यातल्या जीवाणूंनी त्यांचे थोडे काम आधीच केलेले असते.

एका विकराच्या अभावाने काय होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईच्याच नावाने ओळखले जाते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे एक वेगळा रक्तगट नोंदवला, तो बॉम्बे रक्तगट. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे राहिले. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. एक विकर साखळीच्या टोकाला फ्युकोज ही साखर जोडते, तयार झालेल्या टोकाला एच म्हणतात. ए गटाचे विकर त्या एचवर एक साखर चढवते, बी गटाचे दुसरी. ही दोन विकरे केवळ चार ॲमिनो आम्लांनी वेगळी आहेत. ओ गटात एका अक्षराच्या गळतीने वाचनाची चौकट सरकलेली असते. विकर निकामी आणि एच उघडाच राहतो. बॉम्बे गटात तर एचच बनत नाही. भारतीय कुटुंबांत याचे नेहमीचे कारण म्हणजे फ्युकोज जोडणाऱ्या ३६५ ॲमिनो आम्लांच्या विकरात २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येणे. एक अक्षर बदलले, पाण्यापासून दूर राहणाऱ्या आम्लाच्या जागी विद्युतभारित आम्ल बसले आणि विकर गेले.

अशी व्यक्ती ठणठणीत असते. नेहमीच्या तपासणीत तिचा गट ओ दिसतो. पण तिच्या रक्तात ए, बी यांच्यासोबत एचविरुद्धही प्रतिपिंडे असतात, म्हणून ओ गटाचे रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो. भारतात हे प्रमाण साधारण १०,०००त एक सांगितले जाते. आणखी एक गुंता असा की ए किंवा बी चे जनुक धडधाकट असूनही ते दिसत नाही, कारण साखर चढवायला एचच नाही. दोष दोन्ही पालकांकडून आला तरच प्रकटतो, त्यामुळे तो पुढच्या पिढीत लपू शकतो. ‘ओ’ आई आणि ‘ओ’ वडील यांचे मूल ‘ए’ निघाले, तर संशय घेण्याआधी एच तपासावा. घरात नसते वादळ उठण्यापेक्षा एक चाचणी स्वस्त पडते.

जी-६-पीडी या विकराची कमतरता याहून कितीतरी अधिक आढळते. मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण इतरांहून जास्त नोंदले गेले आहे. एरवी त्रास नसतो, पण प्रायमाक्विनसारखी मलेरियाची औषधे घेतली की लाल पेशी फुटू लागतात.

याच यंत्रणेवर औषधेही चालतात. जीवाणूचा रायबोसोम आपल्याहून लहान आणि वेगळ्या घडणीचा असतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणूंचा रोग टाळण्यासाठी मुंबईत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर शहरात या रोगाची साथ आली होती. डॉक्सिसायक्लिन जीवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटते, नवे ॲमिनो आम्ल आणणारा वाहक आरएनए तिथे टेकू शकत नाही आणि साखळी वाढायची थांबते. जीवाणू लगेच मरत नाही. त्याला नवी विकरे बनवता येत नाहीत, आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते.

विकरेही कायमची नसतात. काही मिनिटांत मोडली जातात, काही दिवसांत, आणि सुटलेल्या ॲमिनो आम्लांतून नवी बनतात. माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनाची अशी उलाढाल होते, म्हणजे ताटातून येणाऱ्या प्रथिनाच्या कितीतरी पट. रक्ताच्या रिपोर्टवर ‘एसजीपीटी वाढले’ असे दिसते तेव्हा ते यकृताच्या पेशींत काम करणारे एक विकर असते. पेशी दुखावली की ते बाहेर गळते. रक्तात त्याला काही काम नसते. तिथे ते फक्त सापडते. गळती थांबल्यावर त्याची मात्रा निम्मी व्हायला साधारण दोन दिवस लागतात. म्हणून एकाच आकड्यावर न थांबता डॉक्टर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात.