घराची सिक्युरिटी सिस्टीम

घराची सिक्युरिटी सिस्टीम म्हणजे घरात कोण घुसायला लागलं तर ते ओळखणारी, ओरडणारी, मालकाला कळवणारी आणि झालेलं टिपून ठेवणारी यंत्रं एकमेकाला जोडून केलेली व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या सीमाभागात बोलताना मात्र ह्या सगळ्याला सरसकट 'सीसीटीव्ही' म्हणतात, "सीसीटीव्ही बसवून घेतलंय की" म्हटलं की विषय संपला. गोंधळ इथंच सुरू होतो, कारण कॅमेरा हा ह्यातला एक भाग आणि तोही टिपून ठेवणारा. चोर आत आला हे ओळखायचं काम सेन्सरचं, ओरडायचं काम हूटरचं, आणि पुण्यात नाहीतर गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाला कळवायचं काम पॅनेलचं. चार कॅमेरे लावलेल्या घरात चोरी होते नि दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली ती मोबाईलवर बघत बसते, हे कुणाला नवीन नाही.

आधीची व्यवस्था

जुन्या कौलारू घरात कडी, कोयंडा, आतून आडवा घालायचा लाकडी अडसर, परड्यात बांधलेलं कुत्रं आणि सोप्यात झोपणारा म्हातारा एवढी सिस्टीम असायची. हसण्यासारखं काही नाही त्यात, आजच्या सिस्टीममधली चारही कामं तिथं होती: कुत्रं ओळखायचं आणि ओरडायचं, म्हातारा कळवायचा, आणि कोण कधी आलं-गेलं ह्याचं रेकॉर्डिंग समोरच्या घरातल्या काकूंकडं असायचं. ह्यातली कडी-कोयंडा सोडली तर बाकी सगळं माणसं घरात आहेत ह्या हिशोबावर उभं होतं, आता घरं आठ-आठ दिवस बंद राहतात म्हणून यंत्र लागतं.

विजेवर चालणारा पहिला बर्गलर अलार्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप ह्यानं १८५३ साली पेटंट केला. दार उघडलं की सर्किट पुरं व्हायचं आणि घंटा वाजायची, नि चोरानं दार परत लावलं तरी ती थांबायची नाही. पुढं एडविन होम्सनं हे हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. घराला कॅमेरा लावायची कल्पना मात्र एका नर्सची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन ह्यांनी नवऱ्यासोबत १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. दाराला वरखाली भोकं, त्यातून सरकणारा कॅमेरा, आत टीव्ही, बाहेरच्याशी बोलायला माईक, लांबून दार उघडायचं बटण, आणि धोक्याची सूचना द्यायला अजून एक बटण. आज व्हिडिओ डोअरबेल म्हणून जे विकतात ते जवळजवळ सगळं ह्यात होतं. ब्राउनबाईंना हे सुचलं कारण त्यांच्या वस्तीत पोलीस यायला वेळ लागायचा, आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या रानातल्या घराला हे कारण वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पॅनेल

पॅनेल म्हणजे डबा, सिस्टीमचं डोकं. सगळे सेन्सर ह्याला येऊन मिळतात, वायरनं किंवा वायरलेस. एकेका सेन्सरला किंवा सेन्सरच्या गटाला 'झोन' म्हणतात, पुढचं दार एक झोन, परड्याचं दार दुसरा, माडी तिसरा. झोपताना किंवा बाहेर जाताना सिस्टीम 'आर्म' करायची म्हणजे पहाऱ्याला लावायची, आल्यावर कोड घालून 'डिसआर्म' म्हणजे पहारा उठवायचा. पुढच्या दाराला थोडा वेळ सवलत असते, तीसेक सेकंद ठेवतात, तेवढ्यात कोड नाही घातला की बोंब. पॅनिक बटण (घाबरल्यावर दाबून हूटर वाजवायचं) आणि धुराचा सेन्सर मात्र आर्म असो वा नसो चोवीस तास चालू असणाऱ्या झोनवर घ्यायचे असतात.

वायरच्या पॅनेलमध्ये एक गोष्ट बसवणाऱ्याला विचारून घेण्यासारखी. सर्किट एरवी बंद म्हणजे करंट वाहता ठेवलेलं असलं तर चोरानं वायर तोडली तरी करंट तुटतो आणि अलार्म होतो. उलट जोडणी असली तर वायर तोडली की सेन्सर मेला आणि पॅनेलला पत्ताच नाही. काम दिसायला सारखंच दिसतं, फरक चोर आल्यावरच कळतो.

सेन्सर

दाराचा सेन्सर सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. चौकटीला रीड स्विच, दाराला लोहचुंबक. दार लागलेलं असताना चुंबक जवळ असतो, काचेच्या नळीतल्या दोन पत्र्या चिकटून राहतात, दार उघडलं की चुंबक लांब गेला आणि पत्र्या सुटल्या. दोघांतलं अंतर साधारण दीड-दोन सेंटिमीटरच्या आत पाहिजे. आता गंमत अशी की आपल्याकडचं सागवानी नाहीतर फणसाचं दार पावसाळ्यात फुगतंय, नीट बसत नाही, मग चुंबक थोडा लांब राहतो नि रात्री वाऱ्यानं दार हललं की हूटर. दोनतीनदा असं झालं की घरातली माणसं सिस्टीमच बंद करून टाकतात आणि मग ती गणपतीपर्यंत काय, दिवाळीपर्यंत बंदच राहते. म्हणून बसवतानाच पावसाळ्याचा विचार करून थोडं जास्त अंतर चालणारा सेन्सर घ्यावा, किंवा आधी सुताराला बोलवावं.

हालचाल ओळखणारा सेन्सर म्हणजे पीआयआर. हा स्वतः काही सोडत नाही, माणसाच्या अंगातून निघणारी इन्फ्रारेड उष्णता समोरून सरकली की त्याला कळतंय. पुढचं पांढरं प्लास्टिक म्हणजे खरं तर लेन्स, ती खोलीचे पट्टे पाडते आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सिग्नल. त्यामुळं समोरून आडवा जाणारा माणूस चटकन सापडतो, सरळ सेन्सरकडं चालत येणारा उशिरा सापडतो, म्हणून तो दाराच्या बरोबर समोर न लावता कोपऱ्यात सात-आठ फुटांवर लावतात. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये भिंतीच अंगाएवढ्या तापल्या की ओळखायची ताकद कमी होते. आणि मांजर. परड्यातून उंदरामागं येणारी मांजर हा पीआयआरचा जुना शत्रू आहे, 'पेट इम्यून' म्हणजे पाळीव जनावराला दाद न देणारे असं लिहिलेले सेन्सर मिळतात, पण मांजर कपाटावर चढून सेन्सरच्या समोर आली तर त्याचा उपयोग राहत नाही.

काच फुटल्याचा आवाज ओळखणारे सेन्सरही असतात, पण खिडकीला गज असलेल्या आपल्या घरांना त्याची फार गरज पडत नाही. त्यापेक्षा गॅस गळतीचा डिटेक्टर घ्यावा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून तो डिटेक्टर जमिनीजवळ लावायचा, आणि धुराचा मात्र छताला. ह्यात उलटं केलेली घरं बघितलीत.

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ अशा जुन्या गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लागून आहेत, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाता येतं. तरी सेन्सर आणि कॅमेरा दोन्ही लोक पुढच्या दारालाच लावतात, कारण पुढचं दार येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंय! जिन्याचं दार आणि परड्याचं दार हे खरं आधी धरायला पाहिजे.

हूटर आणि कळवणी

हूटर बाहेर एक नि आत एक असे दोन असावेत, बाहेरचा शेजाऱ्यांसाठी आणि आतला चोराला नीट विचार करता येऊ नये म्हणून. बाहेरचा हाताला सहज न लागेल एवढा उंच, आणि आत स्वतःची छोटी बॅटरी असलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे वायर तोडली तरी वाजत राहतो.

फोन करायला पॅनेलमध्ये सिमकार्ड किंवा वायफाय, शक्यतो दोन्ही. नुसतं वायफाय असलं तर बाहेरची फायबर केबल कापली की संपलं. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत सिम घेण्याआधी घरात उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघणं हेच मोठं काम आहे. आपत्कालीन नंबर ११२ दोन्ही राज्यांत एकच, पण हद्दीवरच्या गावात फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून बोलताना पहिल्यांदा गाव, तालुका आणि राज्य सांगावं, मग बाकीचं. कानडी येत नसलं तरी तेवढं तरी स्पष्ट.

कॅमेरा, डीव्हीआर आणि डिस्क भरायचा हिशोब

दोन जाती. एक अॅनालॉग एचडी, तिला डीव्हीआर (चित्र आतल्या हार्ड डिस्कवर टिपून ठेवणारा डबा) लागतो आणि 'थ्री प्लस वन' केबल, म्हणजे एक कोअॅक्स चित्रासाठी नि बाकीच्या तारा करंटसाठी. दुसरी आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारी, तिला एनव्हीआर (तसलाच डबा, पण नेटवर्कवाला) आणि नेटवर्कची केबल, एकाच केबलमधून करंट आणि डेटा दोन्ही जातात, केबलची मर्यादा १०० मीटर. तिसरी म्हणावी तर वायफायवाली किंवा सिमवाली, आत मेमरी कार्ड. ही मळ्यातल्या घराला सोयीची, पण कॅमेराच चोरून नेला तर रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर जातंय.

अॅनालॉगमधली एक तक्रार फार येते, दिवसा कॅमेरा छान आणि रात्री बंद-चालू, बंद-चालू. बदलून दुसरा कॅमेरा लावतात तरी तेच. कारण कॅमेऱ्यात नसतं, केबलमध्ये असतं. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, बारीक तारेची लांब केबल असली की १२ व्होल्ट तिथं पोचेपर्यंत बरेच कमी होतात आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. गोठ्यापर्यंत केबल ओढली असली तर कॅमेऱ्याजवळ वेगळा अॅडॅप्टर द्यावा.

रात्रीच्या त्या एलईडीला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. जाळं वाऱ्यानं हललं की कॅमेरा रात्रभर 'मोशन डिटेक्टेड' म्हणून मुलाच्या मोबाईलवर मेसेज पाठवत बसतो. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवणं हा ह्यावरचा इलाज. कोसळत्या पावसासाठी आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेला कॅमेरा घ्यावा (ही आयपी वेगळी, धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा), पण पाणी बहुतेक कॅमेऱ्यात शिरत नाही, मागच्या जोडात शिरतंय, तो जोड उघडा लोंबकळत न ठेवता प्लास्टिकच्या बॉक्समध्ये घालावा.

हार्ड डिस्कचा हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटवर ठेवला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या वर. म्हणजे १ टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवीन चढायला लागतं. महिनाभर गावाला नसणाऱ्यांनी हा आकडा आधी काढावा. डीव्हीआर टीव्हीशेजारी शोकेसमध्ये ठेवू नये, चोर जाताना तोच काखेत मारून नेतो. पोटमाळ्यावर ठेवावा, पण वारा लागेल असा, पोत्यांच्या मागं कोंबून नाही.

पासवर्ड ही वस्तू दिसत नाही म्हणून भागांत धरली जात नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते मुख्यतः कंपनीनं दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. आपल्याकडं बसवणारा पोरगा सगळ्या गल्लीत एकच पासवर्ड ठेवून जातो. तो गेल्यावर बदलावा, त्याच्यावर राग म्हणून नव्हे. भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची तपासणी एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली आहे, त्यामुळं नवीन घेताना तसं सर्टिफिकेट विचारायला हरकत नाही.

करंट

सगळ्यात दुर्लक्षित भाग. हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाईट वळीव आला की जाते, आणि लाईट नसताना चालत नसेल तर ती सिस्टीम कसली. पॅनेलमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तीनचार वर्षांत ती मरते आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून वर्षातनं एकदा मेन बंद करून हूटर वाजवून बघावा, शेजाऱ्यांना आधी सांगून. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून ५० वॅटच्या आसपास खातात, त्यामुळं घरच्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टरवर फॅन बंद असतील तर दिवसभर आरामात चालतं. चूक होते ती राउटरची, कॅमेरे इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर. रेकॉर्डिंग चालू राहतं, पण मोबाईलवर काही येत नाही. विजांच्या कडकडाटात अर्थिंग नीट नसलेल्या घरांचे डीव्हीआर जळतात, तेही इथं दर वळवाला ऐकायला मिळतं.

शेजार आणि पोलीस

कॅमेरा आपल्या दारावर पाहिजे, शेजारच्यांच्या परड्यात किंवा न्हाणीवर नको. बाई खासगी अवस्थेत असताना तिचं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि कोर्टात जायच्या आधी गल्लीत जे भांडण होतं ते वेगळंच.

राहत्या घरातली चोरी त्याच संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते. फूटेज पुरावा म्हणून द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं सोबत सर्टिफिकेट लागतं, म्हणून नुसती व्हॉट्सअॅपवरची क्लिप न देता मूळ डीव्हीआर जपून ठेवावा आणि त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढायच्या आत पोलिसांना सांगावं. डीव्हीआरचं घड्याळही बघून घ्यावं. आतल्या बटण सेलचा जीव गेला की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते, आणि आषाढातल्या चोरीच्या फूटेजवर २००० सालचा १ जानेवारी दिसतो.